भांडणाऱ्या आजोबांचं पुस्तक

तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं ग्रंथालयातले लोक म्हणत. हे काही खरं नव्हे. नाकाचा शेंडा तो केवढा, त्यावर राग मावणार किती! तिचा राग टेबलाच्या खणात, चष्म्याच्या घरात, छत्रीच्या मुठीत, जिथे तिथे ठेवलेला असे आणि लागेल तेव्हा हाताशी येई. पाठीमागे सगळे तिला ‘करवत’ म्हणत आणि समोर ‘ताई’. तिला दोन्ही नावं माहीत होती आणि खरं सांगायचं तर पहिलंच जास्त आवडायचं.

ग्रंथालय अंध वाचकांसाठी होतं. तळमजल्याच्या टोकाला एक खोली, त्या खोलीच्या पोटात आणखी एक छोटी खोली आणि दोन्हींच्या मधे जाड काच. आतल्या खोलीच्या भिंतींना फोम लावलेला, एक टेबल, एक माइक, एक कुरकुर न करणारी खुर्ची. आत वाचणारा बसे आणि काचेबाहेर कॉम्प्युटरसमोर ही. पान उलटल्याचा आवाज आला की ही काचेवर टकटक करी. बांगड्या घालून आलेल्या बायकांना बांगड्या काढायला लावी. पोटात गुडगुड झाली म्हणून एका वकिलाला तिने बाहेर घालवलं होतं, ‘काहीतरी खाऊन या, मग कायदा वाचा’ असं सांगून. लोक चिडत आणि पुढच्या आठवड्यात परत येत, कारण तिने केलेलं रेकॉर्डिंग कानाला पाण्यासारखं लागे.

तिचे वडील कारखान्यात फोरमन होते. राग तिला तिथूनच मिळाला होता, अगदी वाटणीपत्र केल्यासारखा. निवृत्त झाल्यावर त्यांना भांडायला माणसं उरली नाहीत, म्हणून ते सकाळी वर्तमानपत्राशी भांडत आणि दुपारी पंख्याशी. शेवटी कंटाळून ती म्हणाली, “बाबा, घरात भांडता त्यापेक्षा माइकसमोर बसा. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडाल.”

तिने त्यांना एक जाडजूड पुस्तक दिलं, एका जुन्या खलाशाने लिहिलेली बोटीवरची हकीकत. बाबांचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पण पुस्तकातल्या कप्तानाशी त्यांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. वादळाची चिन्हं दिसत असताना कप्तान शिडं उतरवायला नको म्हणतो, तिथे बाबांनी पुस्तक टेबलावर आपटलं आणि माइकमध्येच ओरडले, “ह्या माणसाच्या हातात बोट दिली कुणी?”

दुसरं कुणी असतं तर तिने काच फोडायचीच बाकी ठेवली असती. पण त्या दिवशी तिला इतकं हसू आलं, की तो तुकडा काढून टाकायला हातच होईना. तिने तो राहू दिला. मग पुढचाही राहू दिला. पुस्तक पूर्ण झालं तेव्हा त्यात खलाशाची हकीकत होती आणि त्या हकीकतीशी एका फोरमनने केलेलं भांडणही होतं. ऐकणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. कुणी पुस्तकाचं नाव घेईना. सगळे मागायचे ते ‘भांडणाऱ्या आजोबांचं पुस्तक’. एक बाई, ज्यांना ग्रंथालयात फोनवाल्या आजी म्हणत, त्या तर दर पावसाळ्यात ते पुन्हा मागवत. “बाहेर गडगडायला लागलं ना, की मला आत तुमचे वडील लागतात बाई,” असं त्या म्हणत.

पुढे बाबा गेले. आणि ते गेल्यावर महिना उलटायच्या आत तिच्या धाकट्या भावाने बाबांची स्कूटर परस्पर विकून टाकली. हा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, केस पिकायला लागले तरी घरात बाळ्याच. त्याचं म्हणणं, स्कूटर गंजत पडली होती. तिचं म्हणणं, गंजू दे, तुझ्या डोक्यावर तर ठेवली नव्हती! बोलण्याने बोलणं वाढलं आणि मग एकदम बंदच झालं. दोघंही एकाच बापाची. अबोला धरला तो असा, की मधे वर्षं गेली तरी कुणाची मान वाकली नाही.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पाप तिथेच साठलं होतं. तो फार जुना होता. त्यातली सिस्टीमही तितकीच जुनी, म्हणजे ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर चालतो ते त्याचं मूळ डोकं. पण आवाज पकडणारं जे कार्ड त्यात बसवलं होतं, ते त्या सिस्टीमवरच चाले. कार्ड बनवणारे कधीच धंदा गुंडाळून गेले होते. नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर सगळाच संसार नवा मांडावा लागणार, म्हणून ग्रंथालयाने तोच म्हातारा तसाच खोकत ठेवला. एकदा त्याची हार्ड डिस्क, म्हणजे सगळी रेकॉर्डिंग जिथे साठतात ती डबी, करकरायला लागली. तेव्हा व्यवस्थापकांनी नवी आणली.

हे व्यवस्थापक म्हणजे गोड बोलणारा, कुणालाही नाही न म्हणणारा आणि सांगितलेलं काहीही न करणारा माणूस. असली माणसं तिला डोळ्यासमोर नको होत. त्यांनी सभेत छाती फुगवून सांगितलं, “प्रचंड मोठी डिस्क घेतली आहे. आता आपल्या हयातीत जागेची चिंता नको.”

वर्ष सव्वा वर्षात पडद्यावर पाटी आली, डिस्क भरली.

तिला आश्चर्य वाटलं नाही, हेच खरं दुर्दैव. हा माणूस बोलतो त्याचा चौथा हिस्सा धरायचा, असा तिचा हिशोब ठरलेला होता. ह्यांची प्रचंड म्हणजे एवढीच असणार, असं म्हणत ती तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेली. व्यवस्थापक हसले. “ताई, जागा कमी नाही, कचरा जास्त आहे. थोडी सफाई करा. ते भांडणारं पुस्तक आहे ना, तिथून सुरुवात करा. मधे मधे नुसती बडबड. त्याला काय ग्रंथ म्हणायचं?”

तिने त्यांना जे ऐकवलं ते बाहेर व्हरांड्यापर्यंत गेलं. पण खोलीत परत आल्यावर ती पडद्याकडे बघत बसून राहिली. परीक्षेची पुस्तकं आठवड्यात द्यायची होती. काहीतरी पुसायला हवंच होतं. काचेच्या आत निवृत्त मास्तर इतिहास वाचत होते. भाबडे गृहस्थ, घसा बसला तरी यायचे. त्यांचं पुसावं? का त्या नर्सबाईंचं, ज्या ड्यूटी संपवून बाळांच्या संगोपनाचं पुस्तक वाचून गेल्या? उद्या कुणीही म्हणालं असतं, करवतीने आपल्या बापाचं ठेवलं आणि दुसऱ्यांचं कापलं. ते ऐकून घेणारी ती नव्हती.

वाचकांकडून परत आलेल्या प्रती पुसून त्यांवर दुसरी पुस्तकं भरली जात, म्हणून तिने आधी एक सीडी काढून घेतली आणि बाबांचं पुस्तक पुसून टाकलं. एकदा पुसल्यावर त्या जागेवर परीक्षेची पुस्तकं बसली. त्यानंतर जेव्हा जेव्हा पाटी आली, तेव्हा तेव्हा तिने बाकीच्यांचंही पुसलं, नर्सबाईंचंही. पण पहिला घाव घरच्यावर घातलेला होता, त्यामुळे तिला कुणासमोर मान खाली घालावी लागली नाही. पुढे एकदा सीडी घरी लावून पाहिली. बाबा पहिलं वाक्य नीट वाचत आणि दुसऱ्याच्या मधेच सीडी घरघरायला लागे. तिने ती तीनचारदा पुसली, फुंकली, दुसऱ्याच्या घरी नेऊन लावली. बाबा पहिल्या वाक्याच्या पुढे काही सरकले नाहीत.

पावसाळ्यात फोनवाल्या आजींचा फोन आला. “आजोबा कुठे आहेत हो?”

“बाहेर गेलेत,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून तिने त्या दिवशी विनाकारण तीन वाचणाऱ्यांना रडवलं.

आता ह्या वर्षीची गोष्ट. पाटी पुन्हा आली. ह्या वेळी व्यवस्थापकांनी स्वतः येऊन सांगितलं, की मास्तरांचा सगळा इतिहास काढून टाका.

“मास्तर जिवंत आहेत,” ती म्हणाली. “दर गुरुवारी येतात. येताना माझ्यासाठी खोकल्याच्या गोळ्या आणतात. त्यांना काय सांगू?”

“काही सांगू नका. त्यांना कुठे कळणार आहे?”

हे ऐकल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी पुसणार नाही! माझ्या बापाचं पुसलं तेव्हाच माझा पुसायचा कोटा संपला. तुम्हाला इतकी हौस असेल तर बसा ह्या खुर्चीत आणि मास्तर समोर असताना पुसा!” असं म्हणून तिने टेबलावर हात आपटला, आणि नेमका त्याच क्षणी म्हातारा कॉम्प्युटर फट् करून बंद पडला. व्यवस्थापकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच त्याला मारलं.

तिला न विचारता त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. दुपारी दार उघडलं आणि पाठीवर बॅग अडकवलेला बाळ्या आत आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो जाड झाला होता. तिला वाटलं, स्कूटर विकून खाल्ली ती अंगी लागलेली दिसते. त्याने गुडघे टेकले, कॉम्प्युटर उघडला आणि आतला पॉवर सप्लाय काढून हुंगला. “हा जळला,” असं त्याने खुर्चीला सांगितलं. व्यवस्थापक दारातून म्हणाले, “आलाच आहात तर डिस्कचंही बघा. भरली आहे.”

“भरली?” बाळ्या म्हणाला. “भरेल कशी?”

त्याने डिस्क बाहेर काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूला असलेल्या पिनांकडे बोट नेलं. दोन पिनांवर एक काळी प्लॅस्टिकची टोपी बसलेली होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती पाहून त्याने पहिल्यांदाच बहिणीकडे तोंड केलं. “ताई, ही टोपी अजून इथेच?”

“मला काय माहीत कसली टोपी!”

“अगं, नवी डिस्क बसवायला आलो तेव्हा ही मीच लावली होती. तू अबोला धरून काचेच्या आत काहीतरी ठाकठीक करत होतीस, तेव्हा.” तो मांडी घालून जमिनीवर बसला. “हा कॉम्प्युटर जुना, सिस्टीम जुनी. त्यांना एवढी मोठी डिस्क मोजताच येत नाही. लावली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, तिथेच अडून बसतो. म्हणून ही टोपी लावायची. टोपी लावली की डिस्क खोटं सांगते, मी लहान आहे म्हणून. मग तो निमूट चालतो. पण ते तात्पुरतं होतं! डिस्क नीट मोजणारं एक वेगळं छोटं कार्ड घालायचं आणि सिस्टीमला थोडी डागडुजी करायची, की पूर्ण दिसली असती. मी साहेबांना सांगितलं होतं, ताईला सांगा, भरत आली की मला बोलवा.”

ती खुर्चीतून उठली आणि डिस्कवर वाकली.

“किती मोठी आहे ती?” तिने विचारलं.

बाळ्याने टोपी नखाने उचकटून काढली. डिस्क एका वायरने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एक लांब पट्टी आली. डावीकडे करंगळीएवढा भाग निळा, भरलेला. त्याच्या पुढे पट्टीच्या टोकापर्यंत सगळं पांढरं. तिथे आजवर कुणी एक अक्षर ठेवलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर ह्या बाईने गावाला नुसता वळसा घातला नव्हता, वाटेत आपलीच माणसं एकेक करून उतरवत गेली होती.

“हे सगळं रिकामं होतं?” ती म्हणाली. “तेव्हाही?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मी बाबांना पुसलं, बाळ्या.”

तो ताडकन उठला. “बाबांचं पुस्तक? पुसलंस? मला न विचारता?”

“तू स्कूटर विकलीस तेव्हा मला विचारलं होतंस?”

“स्कूटर बोलत नव्हती!”

“आणि तू तरी बोलत होतास? काचेवर एक टिचकी मारायला काय हात झिजले असते तुझे? मी आत होते, चार पावलांवर! ‘ताई, ही टोपी आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. एवढंच! त्यासाठी माझी माफी मागावी लागली नसती!”

“तू आत असताना कुणी टिचकी मारलेली चालते तुला? माणसाला चावतेस!”

“हो चावते! चावून घ्यायचं होतंस!”

दोघं इतक्या जोरात भांडत होती, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. आणि अशा वेळी, जिथे शहाण्या माणसाने काढता पाय घ्यावा, तिथे व्यवस्थापक कपाळावर हात मारत हसले. “अरे हो! बोलला होता खरा. मला वाटलं, तुम्ही बहीणभाऊ, घरी बोलणं होईलच.” मग पट्टीकडे बघून ते खूश झाले. “पण झालं ते चांगलंच झालं की! एवढी जागा! आता बोला ताई, काय ठेवायचं हिच्यात?”

“माझा बाप ठेवा,” ती म्हणाली.

ते हसायचे थांबले.

“तुमच्यासारखी माणसं मी जन्मभर पाहिली,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच जिन्यातले लोक एक पायरी मागे सरले. “काही करत नाहीत, म्हणून काही बिघडवत नाहीत असं सगळ्यांना वाटतं. तुम्हाला एक वाक्य सांगायचं होतं. त्या एका वाक्याच्या आळसापायी तुम्ही माझ्या हातून माझा बाप कापून घेतलात, त्या नर्सबाईंचं काम कापून घेतलंत, आणि आज मास्तरांची मान पुढे करत होतात. वर त्याला सफाई म्हणालात. जा इथून. आणि पुन्हा ह्या खोलीत आलात तर आत बसवून ते भांडणारं पुस्तक वाचायला लावीन.”

ते गेले. माफी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत, त्यांना आपलं काय चुकलं हे कळायलाही कुणाला तरी टोपी काढावी लागते.

दोन दिवसांनी बाळ्या कार्ड घेऊन आला. म्हाताऱ्याला नवा पॉवर सप्लाय मिळाला, कार्ड बसलं, सिस्टीमची डागडुजी झाली. निळी करंगळी आणि लांबच लांब पांढरं रान आता तिच्याच पडद्यावर दिसायला लागलं. तिला त्याचा आनंद होईना. ते पांढरं तिच्या डोळ्यांत खुपत होतं.

बाळ्या बॅग भरायला लागला तेव्हा तिने कपाटातून खलाशाची हकीकत काढली आणि त्याच्या छातीवर टेकवली. “आत बस.”

“मी? मला कुठे वाचता येतं? मी शाळेत सुद्धा...”

“पुसलं मी, टोपी तुझी. बस म्हटलं ना!”

तो बसला. पहिलं पान त्याने असं वाचलं, जणू कुणी मागून काठी घेऊन उभं आहे. ती काचेवर टकटक करत होती. पुन्हा. टकटक. पुन्हा. घाम पुसत, अडखळत, मधेच शिवी गिळत तो पुढे जात राहिला, त्या दिवशी आणि मग प्रत्येक शनिवारी दुकान बंद करून. त्यांच्यात गोडवा आला असं कुणी समजू नये. यायचा, भांडायचा, वाचायचा, जायचा. त्याचा आवाज बाबांसारखा अजिबात नव्हता. बारीक होता, नाकातून येणारा. तिला दर वेळी वाटे, काय उपयोग आहे ह्याचा.

एका शनिवारी तो वादळापर्यंत पोचला. आभाळ काळवंडलं, खलाशी विनवण्या करायला लागले आणि कप्तान म्हणाला, शिडं उतरवायची नाहीत. बाळ्या थांबला. त्याने ते वाक्य मनात पुन्हा एकदा वाचलं असावं. त्याचे कान लाल झाले. बाबांचं रेकॉर्डिंग त्याने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्याला सवडच मिळाली नव्हती. त्याने पुस्तक टेबलावर आपटलं.

“अरे, पण ह्याला बोट दिली कुणी?”

काचेबाहेर तिचा टकटक करायला उचललेला हात हवेतच राहिला.

“चुकलं, चुकलं,” बाळ्या घाईघाईने माइकमध्ये म्हणाला. “ओरडू नकोस. तेवढं पुसून टाक, मी परत वाचतो.”

तिने आतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबलं. तिचा आवाज नेहमीसारखाच करवती निघाला.

“राहू दे. जागा आहे.”